मधल्या मुलखाची वाट

अकोल्याहून अकोट, धूळघाट, तुकईथड असे करत खंडव्याला जाणारी मीटरगेज रेल्वे १ जानेवारी २०१७ पासून थांबली. अंतर पावणेदोनशे किलोमीटरांच्या आसपास. दोन्ही टोकांना देशातले गजबजलेले लोहमार्ग आहेत. अकोल्यावरून मुंबई-नागपूर मार्ग जातो, खंडव्यावरून मुंबई-इटारसी. पण मधला मुलूख अगदी वेगळा आहे. आधी पूर्णेचे खोरे. तिथे विहिरीला पाणी लागते, पण ते तोंडात धरवत नाही. मग मैदानातून एकदम उठलेला सातपुड्याचा कडा. कड्याच्या मागे मेळघाट: दऱ्या, साग, बांबू, वाघ आणि कोरकू आदिवासींची गावे.

ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या शेकडो किलोमीटर लांबीच्या ओसाड वाटांबद्दल आपण कुतूहलाने वाचतो. वऱ्हाडात तसे वाळवंट नाही. अकोल्याला वर्षाकाठी साधारण साडेसातशे मिलिमीटर पाऊस पडतो. ऑस्ट्रेलियाच्या मधल्या भागात कित्येक ठिकाणी दोनशेसुद्धा होत नाही. तरीही या दोन मुलखांतल्या वाटांचे एक नाते आहे. दुर्गम भागातली वाट बहुधा त्या भागासाठी आखलेली नसते. कुणाला तरी अलीकडून पलीकडे जायचे असते आणि मधला मुलूख आडवा येतो, म्हणून ती आखली जाते. मधल्या माणसांनी मात्र तीच वाट आपली मानलेली असते. वाट बंद करायची किंवा हलवायची वेळ आली की हा फरक उघडा पडतो. अकोला-खंडवा मार्गाच्या आजच्या वादाचा गाभा मला हाच वाटतो.

हा मार्ग मुळात का झाला ते पाहू. इंग्रजांच्या काळात मुख्य लोहमार्ग ब्रॉडगेजचे होते, म्हणजे दोन रुळांत १,६७६ मिलिमीटर अंतर. पैसे वाचवण्यासाठी लॉर्ड मेयोच्या कारकिर्दीत, १८७० साली, दुय्यम मार्गांकरिता एक मीटर रुंदीचा पर्याय निवडला गेला. रूळ हलके, डबे लहान, वळणे आवळ, पूल अरुंद. त्यामुळे डोंगराळ आणि कमी वर्दळीच्या मुलखात खर्च खूप उतरायचा. उत्तरेत राजपुताना-माळव्याचे मीटरगेज जाळे इंदूरवरून खंडव्यापर्यंत आले. दक्षिणेत निजामाच्या राज्यातले मीटरगेज मराठवाड्यातून पूर्णा जंक्शनमार्गे हिंगोलीपर्यंत पोहोचले. खंडवा आणि हिंगोली यांच्यामध्ये वऱ्हाड आणि सातपुडा तसेच राहिले. हे तुटलेले टोक स्वातंत्र्यानंतर जोडले गेले, आणि राजस्थानातून निघालेली मीटरगेज गाडी रूळ न बदलता हैदराबादेपर्यंत जाऊ लागली. जयपूर-काचीगुडा मीनाक्षी एक्सप्रेस ती हीच. म्हणजे हा मार्ग धूळघाटसाठी नव्हता, अकोटसाठीही नव्हता. हैदराबाद आणि जयपूर यांना जोडायचे होते, म्हणून तो झाला. मूर्तिजापूरहून अचलपूर आणि यवतमाळला जाणारी आपली शकुंतला रेल्वेही वऱ्हाडातल्या माणसांना फिरवण्यासाठी नव्हे, कापूस बाहेर नेण्यासाठी घातली गेली होती. पुढे ती गरिबांची गाडी झाली, हे लोकांचे कर्तृत्व.

अकोला सोडून उत्तरेला निघाले की लगेच खारपाणपट्टा लागतो. अमरावती, अकोला आणि बुलडाणा या तीन जिल्ह्यांत पूर्णेच्या दोन्ही अंगांना सुमारे ४,७०० चौरस किलोमीटर पसरलेला हा पट्टा. त्यात ८९४ गावे येतात असे सरकारी दस्तऐवज सांगतात. जमिनीखालचे पाणी इथे खारट का? उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर, आणि मध्ये भूकवच खचून झालेले खोलगट खोरे. लाखो वर्षे नद्यांनी त्यात गाळ आणून टाकला. काही ठिकाणी तो शेकडो मीटर जाड आहे. गाळात चिकणमातीचे थर भरपूर, त्यामुळे पाण्याचा निचरा जवळजवळ नाही. वरून कडक ऊन. पाणी उडून जाते, क्षार मागे राहतात, साचत जातात. सोडियमचे प्रमाण वाढले की काळ्या मातीचा पोतच बिघडतो. पावसात ती लोण्यासारखी फुगते, उन्हात फरशीइतकी कडक होते आणि दोन्ही वेळा पाणी आत जाऊ देत नाही. शेतकरी अशा जमिनीला चोपण म्हणतो.

या जमिनीवरून वाट काढणे हे एक वेगळेच प्रकरण आहे. उन्हाळ्यात पांदणीतून बैलगाडी खडखडत जाते. मृगाचे दोन चांगले पाऊस झाले की त्याच पांदणीत चाक आऱ्यांपर्यंत रुतते आणि दोन गावांमधले चार किलोमीटर अंतर आठ-आठ दिवस पार होत नाही. रस्ता बांधला तरी खालची माती फुगते, आक्रसते आणि डांबराला तडे जातात. म्हणून खोऱ्यातला रेल्वेचा भराव हा बाराही महिने कोरडा राहणारा एकमेव उंचवटा असायचा, आणि लोक पायी जातानाही रुळांच्या कडेची वाट धरायचे.

पाण्याची गोष्ट याहून कठीण. पाणी आहे, पण पिता येत नाही, आणि ओलिताला वापरले तर जमीन आणखी बिघडते. म्हणून इथली शेती पावसावरची: कापूस, तूर, मूग, आणि मुरलेल्या ओलीवर हरभरा. अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने शेततळी आणि जिप्समचा वापर यांवर वर्षानुवर्षे भर दिला तो याच कारणाने. पावसाचे गोडे पाणी जमिनीत मुरण्याआधीच वर अडवायचे. जिप्सममधला कॅल्शियम मातीतल्या सोडियमची जागा घेतो आणि माती पुन्हा पाणी आत घेऊ लागते.

याच खारटपणाने वऱ्हाडला स्वातंत्र्यलढ्यातही एक जागा दिली. समुद्र शेकडो किलोमीटर दूर असताना मिठाचा सत्याग्रह कुठे करायचा? अकोला जिल्ह्यातल्या दहिहांड्याच्या खाऱ्या विहिरी होत्याच. एप्रिल १९३० मध्ये सत्याग्रहींनी तिथले पाणी आटवून मीठ काढले आणि कायदा मोडला.

अकोला-अकोट मार्ग जिथे पूर्णा ओलांडतो तिथे गांधीग्राम आहे. गांधीजींच्या अस्थी १९४८ मध्ये इथे पूर्णेत सोडल्या गेल्या, आणि जवळच्या स्टेशनाला ‘गांधी स्मारक रोड’ हे नाव आहे. श्रावणाच्या शेवटच्या सोमवारी अकोल्यात जी कावड-पालखी निघते, तिचे पाणीही इथलेच. रात्रभर चालत, खांद्यावर ‘भरण्यां’च्या, म्हणजे पाण्याच्या भांड्यांच्या, कावडी घेऊन तरुण मंडळे पूर्णेचे पाणी अकोल्याच्या राजराजेश्वराला आणतात. या वाटेवर पाण्याला किती मोल आहे, हे त्या मिरवणुकीतून जितके कळते तितके कोणत्याही अहवालातून कळत नाही. ऑक्टोबर २०२२ मध्ये गांधीग्रामचा जुना रस्तापूल धोकादायक ठरून वाहतुकीला बंद झाला तेव्हा अकोला आणि अकोट यांच्यातला सरळ रस्ताच तुटला. ब्रॉडगेज केलेल्या अकोला-अकोट मार्गावर २३ नोव्हेंबर २०२२ रोजी प्रवासी गाडी सुरू झाली, ती अशा ऐन नडीच्या वेळी. एकच पूल गेला की सपाट मैदानातला तालुकाही दुर्गम होतो.

अकोटकडे सरकताना जमीन बदलत जाते. सातपुड्यातून उतरणाऱ्या नद्यांनी पायथ्याशी दगडगोट्यांचा आणि वाळूचा पट्टा टाकला आहे. त्यात पाणी मुरते आणि गोडे राहते. अकोट, अंजनगाव सुर्जीकडच्या संत्र्याच्या आणि केळीच्या बागा, पानमळे, सारे या पट्ट्याच्या जिवावर. खाऱ्या गावांना आज नळाने मिळणारे पाणीही डोंगराचेच आहे. वान नदीवर वारी इथे बांधलेल्या हनुमान सागर धरणातून अकोट-तेल्हाऱ्याच्या ८४ खेड्यांची पाणीयोजना चालते.

अकोटच्या पुढचे स्टेशन अडगाव बुजुर्ग. इथेच २९ नोव्हेंबर १८०३ रोजी नागपूरकर भोसले आणि शिंदे यांच्या फौजा आर्थर वेलस्लीशी लढल्या. हाच पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून नेपोलियनविरुद्ध वॉटर्लूला उभा राहिला. मराठ्यांचा पराभव झाला आणि मागे हटलेल्या सैन्यातले बरेच जण गाविलगडात शिरले. त्यानंतरच्या पंधरवड्यात मेळघाटात एक वाट तयार झाली. दूरच्यांच्या गरजेपोटी झालेल्या वाटेचे इतके चोख उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

गाविलगड चिखलदऱ्याजवळ, सातपुड्याच्या ऐन कड्यावर आहे. अहमदशहा बहमनीने तो १४२५ च्या सुमारास बांधला. इमादशाहीच्या फत्तेउल्ला इमादुल्मुल्कने पुढे वाढवला. दक्षिणेकडून, म्हणजे वऱ्हाडच्या मैदानातून, वर पाहिले तर सरळ कातळ. तिथून तोफा चढवणे अशक्य. किल्ल्याची उणी बाजू उत्तरेची, लबाडा नावाच्या जागेकडची. तिकडे एक अरुंद माथा किल्ल्याला पठाराशी जोडतो. पण तिथे पोहोचायचे तर एलिचपूरहून, म्हणजे आजच्या अचलपूरहून, धामणगाव गढीच्या बाजूने डोंगरात शिरून सुमारे ३० मैल दऱ्याखोऱ्यांतून जावे लागायचे. जड तोफा जातील असा रस्ता तिथे नव्हता. किल्लेदाराला किल्ल्याच्या तटाइतकाच भरवसा या नसलेल्या रस्त्यावर असणार, आणि तो चुकीचा म्हणता येणार नाही.

७ डिसेंबरला इंग्रजांच्या कर्नल स्टीव्हन्सनची तुकडी एलिचपूरहून निघाली आणि १२ डिसेंबरला लबाड्याला पोहोचली. अठरा पौंडी गोळे फेकणाऱ्या लोखंडी तोफा तिच्याबरोबर होत्या. वेलस्लीने वरिष्ठांना पाठवलेल्या खलित्यात या सहा दिवसांचे वर्णन आहे. अवजड तोफा आणि सामान जवळजवळ सारी वाट माणसांनी हाताने ओढून नेले, तेही आधी स्वतःच रस्ता तयार करून, आणि इतक्या कष्टाचे काम आपण आजवर पाहिले नव्हते, असे तो म्हणतो. त्याने अनेक मोहिमा पाहिल्या होत्या, म्हणून त्याच्या शब्दाला वजन आहे. दोर ओढणाऱ्यांत बहुसंख्य इथलेच, कंपनीच्या पलटणींतले हिंदी शिपाई. त्यांची नावे खलित्यात नाहीत.

१३ तारखेला तोफा सुरू झाल्या, तटाला खिंडार पडले, १५ डिसेंबरला किल्ला पडला आणि किल्लेदार बेनीसिंग लढताना मारला गेला. दोनच दिवसांनी देवगावचा तह झाला. भोसल्यांना वर्धा नदीच्या पश्चिमेचा वऱ्हाड सोडावा लागला, तो निजामाकडे गेला. सहा दिवस राबून काढलेल्या वाटेचे काम तिथे संपले. वऱ्हाडचे राज्य फिरवणारी ती वाट पुढे कुणाच्या बाजाराच्या किंवा बाळंतिणीच्या उपयोगी पडावी, असा विचार ती काढणाऱ्यांच्या मनात असण्याचे कारणच नव्हते.

रेल्वे त्याच सातपुड्यात पश्चिमेकडून, हिवरखेडनंतर शिरायची. वान रोड हे पायथ्याचे स्टेशन, धूळघाट डोंगरातले. या दोहोंमध्ये भारतीय रेल्वेवरचे एक दुर्मीळ बांधकाम आहे: लोहमार्गाचा पूर्ण वेढा. रूळ डोंगराला वळसा घालत चढत जातात आणि आपल्याच खालच्या रुळांना वरून ओलांडतात.

याची गरज का पडली ते समजून घेण्यासारखे आहे. पोलादी चाक पोलादी रुळावर फार कमी घर्षणाने फिरते. सपाटीवर एवढ्याशा ताकदीत प्रचंड ओझे ओढता येते ते याचमुळे. पण चढावर हाच गुण आड येतो; चाकाची पकड सुटते आणि ते जागच्या जागी फिरू लागते. म्हणून लोहमार्गाचा चढ शक्यतो शंभर मीटर लांबीला एक मीटर, फार तर त्याहून थोडा जास्त ठेवतात. समजा दरीच्या एका टोकापासून दुसऱ्यापर्यंत दोन किलोमीटर अंतर आहे आणि चाळीस मीटर उंची गाठायची आहे. सरळ नेले तर चढ दुप्पट होतो. मग उपाय एकच, रुळांची लांबी वाढवायची. जागा नसेल तर गोल फिरवून वाढवायची. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या तेहाचापीला १८७६ मध्ये, स्वित्झर्लंडमध्ये ब्रुसिओला आणि न्यूझीलंडमध्ये राउरिमूला १९०८ मध्ये असेच वेढे बांधले गेले. दार्जिलिंगचा बतासिया तर सगळ्यांना माहीत आहे. त्याची चित्रे पोस्टकार्डांवर आली. धूळघाटचा वेढा वऱ्हाडातल्या मुलांच्या भूगोलाच्या पुस्तकातसुद्धा ठळकपणे यायला हवा होता.

मीटरगेज एवढे आवळ वळण घेऊ शकते. ब्रॉडगेजला वळण सैल लागते, चढ मंद लागतो, बोगदे आणि कापे मोठे लागतात. त्यामुळे जंगलातला जुना मार्ग ‘फक्त रुंद करणे’ हे बोलायला सोपे असले तरी प्रत्यक्षात तिथे नवे, मोठे बांधकाम होणार असते. १९९२ पासून रेल्वेने सगळीकडे एकच गेज करण्याचे धोरण घेतले, त्यात रतलाम-इंदूर-खंडवा-अकोला हा मार्ग आला, आणि अकोटपर्यंत काम झाल्यावर गाडे सातपुड्याशी अडले.

अडले ते मेळघाटमुळे. देशात व्याघ्रप्रकल्प सुरू झाला तेव्हा पहिल्या नऊ राखीव क्षेत्रांत मेळघाट होता. १९७४ मध्ये तो घोषित झाला. आज गाभा आणि भोवतालचा भाग धरून त्याचे क्षेत्र सुमारे २,७६८ चौरस किलोमीटर आहे, आणि वान अभयारण्य त्यातच येते. जुन्या मार्गाचे ३९ किलोमीटरांच्या आसपासचे अंतर या प्रकल्पातून जाते. मीटरगेजच्या गाड्या मोजक्या आणि सावकाश होत्या. ब्रॉडगेज झाल्यावर हा उत्तर-दक्षिण मालवाहतुकीचा जवळचा रस्ता होईल, रात्रंदिवस लांब मालगाड्या धावतील. वाघ, अस्वल, गवा यांच्या वाटा रुळांनी तुटतील. २०२१ मध्ये तेव्हाचे मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनी रेल्वेमंत्र्यांना पत्र लिहून मार्ग प्रकल्पाबाहेरून नेण्याची मागणी केली. पर्याय मांडला गेला तो पश्चिमेचा: हिवरखेडहून सोनाळा, जामोद, खकनार या बाजूने तुकईथडला मिळणारा, अंतर तीसेक किलोमीटरने वाढवणारा.

याच ठिकाणी ऑस्ट्रेलियाकडे बघावेसे वाटते. तिथे दक्षिणेच्या किनाऱ्याकडून देशाच्या मध्याकडे जाणारा अरुंद लोहमार्ग १८९१ मध्ये ऊडनदत्ताला आणि १९२९ मध्ये ॲलिस स्प्रिंग्जला पोहोचला. लोक त्याला ‘घान’ म्हणत. त्याच्याआधी त्या मुलखात माल वाहिला उंटांनी, आणि ते हाकणाऱ्यांना सरसकट ‘अफगाण’ म्हटले जाई. प्रत्यक्षात त्यांत बलुचिस्तान, सिंध आणि पंजाबातलेही बरेच होते. हा लोहमार्ग जमिनीतून आपोआप वर येणाऱ्या झऱ्यांच्या ओळीवरून नेला होता, कारण वाफेच्या इंजिनाला पाणी हवे. पण त्या ओळीवर कधीमधी येणारा पूर भराव वाहून नेई, आणि गाडी दिवसेंदिवस अडकून पडे. नवा मार्ग बांधायची वेळ आली तेव्हा जुना रुंद करण्याच्या फंदात कुणी पडले नाही. तो दीडशेहून अधिक किलोमीटर पश्चिमेला सरकवला, आणि १९८० मध्ये जुना बंद झाला. इंजिनाला पाण्याची गरज उरली नव्हती, मग झऱ्यांना धरून राहण्याचे कारणच काय? गरज बदलली की वाट हलवता येते, हा धडा मेळघाटच्या बाबतीत थेट लागू पडतो. मीटरगेजच्या काळात डोंगरातून जवळून जाणे परवडत होते. आज बाहेरून जाणे परवडते, आणि शहाणपणाचेही आहे. माझे मत पश्चिमेच्या मार्गाच्या बाजूचे आहे.

पण त्या उदाहरणाची दुसरी बाजूही तितकीच खरी. जुन्या घानवरच्या मरी, ऊडनदत्ता या गावांची गाडी एका झटक्यात गेली. उरली ती रुळांच्या कडेची सुमारे ६२० किलोमीटरांची कच्ची वाट. आज चारचाकीवाले हौशी प्रवासी तिला ऊडनदत्ता ट्रॅक म्हणून मिरवतात. तिथे राहणाऱ्यांना मात्र दवाखान्यासाठी तीच वाट.

त्याहून कठोर गोष्ट कॅनिंग स्टॉक रूटची. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या उत्तरेच्या कुरणांतून दक्षिणेच्या सोन्याच्या खाणींकडे गुरे हाकत न्यायची होती. १९०६ मध्ये आल्फ्रेड कॅनिंग मार्ग शोधायला निघाला, आणि १९०८ ते १९१० या काळात सुमारे १,८५० किलोमीटरांवर पन्नासेक विहिरी बांधल्या गेल्या. वाळवंटात पाणी कुठे आहे हे तिथल्या आदिवासींना ठाऊक होते. ते दाखवावे म्हणून कॅनिंगच्या लोकांनी त्यांना साखळदंडांनी बांधून बरोबर नेले. मोहिमेतल्याच एका माणसाने तक्रार केली, १९०८ मध्ये शाही चौकशी झाली, आणि कॅनिंग निर्दोष सुटला. आदिवासींच्या साध्या पाणवठ्यांच्या जागी खोल विहिरी झाल्या, त्यांच्या जड बादल्या ओढायला गुराख्यांचे उंट लागायचे. ज्यांचे पाणी होते त्यांनाच ते काढता येईना. १९५९ नंतर गुरांचा शेवटचा तांडाही थांबला. २००२ मध्ये तिथल्या मार्तू आदिवासींचा त्या मुलखातल्या मोठ्या भागावरचा हक्क न्यायालयाने मान्य केला, आणि आता तिथून गाडी न्यायची तर त्यांची परवानगी लागते. हक्क मिळाला, पण शंभर वर्षांनी.

मेळघाटात कोरकूंवर असा साखळदंडी जुलूम रेल्वेने केला नाही. इथली गाडी लोकांनी मनापासून वापरली. धारणी तालुक्यात तर एका गावाचे नावच ‘धूळघाट रेल्वे’ आहे. डाबका, धूळघाट, तुकईथड या बाजूच्या माणसांसाठी ती अकोट-अकोल्याच्या मजुरीची, खंडव्याच्या बाजाराची आणि दवाखान्याची गाडी होती. पिके हाती आली की कोरकू कुटुंबे कामाच्या शोधात खाली मैदानात उतरतात, पोरे-भांडी-कोंबड्या घेऊन. असा संसार एसटीत चढवणे आणि पॅसेंजरच्या डब्यात चढवणे यात केवढा फरक आहे, हे ज्याने पाहिले त्याला सांगावे लागत नाही. शिवाय पावसाळ्यात घाटरस्त्यावर दरड आली, नाल्याला पूर आला की बस बंद.

या लोकांना वाघासाठी जागा सोडायला आधीही सांगितले गेले आहे. बोरी, कोहा, कुंड ही गावे जंगलातून पहिल्यांदा बाहेर आणली गेली. पुढे आणखी गावे उठली. अकोटच्या बाजूला वसवलेल्या काही गावांतले लोक गैरसोयींना कंटाळून पुन्हा जंगलात परतले आणि २०१९ च्या जानेवारीत वनकर्मचारी, पोलीस आणि गावकरी यांच्यात संघर्ष झाला. दोन्हीकडची माणसे जखमी झाली. जंगल राखायचे तर त्याची किंमत कुणी मोजायची, हा प्रश्न तिथे रस्त्यावर आला होता.

जंगलातून माणसांची ये-जा पूर्ण बंद व्हावी असे तर कुणी म्हणतही नाही. श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी धारगडच्या महादेवाला अकोट, अकोला, अमरावती, बुलडाण्याहून लोक लोटतात. पोपटखेड, खटकालीच्या वाटेने पावसात चिंब होत, हर बोला म्हणत चालत जातात. वर्षातून एकदा उघडणारी ती वाट व्याघ्रप्रकल्पाने आणि भाविकांनी मिळून सांभाळली आहे. म्हणजे वाघ आणि वाट एकत्र नांदू शकतात. त्यासाठी वाट कुणाची, किती वेळ आणि किती वेगाची, हे ठरवावे लागते. दर अर्ध्या तासाला धावणाऱ्या मालगाडीला ही मर्यादा घालता येत नाही.

म्हणून पश्चिमेच्या मार्गाला पाठिंबा देताना एक हिशेब त्याला जोडूनच मांडला पाहिजे. तीस किलोमीटर जास्तीच्या रुळांचा खर्च रेल्वे मोजेल. वाचलेल्या जंगलाचा लाभ साऱ्या देशाला मिळेल. संग्रामपूर, जळगाव जामोद या आजवर रेल्वे न पाहिलेल्या तालुक्यांना गाडी मिळेल. काहीच पडणार नाही ते फक्त धूळघाट आणि डाबक्याच्या पदरात. त्यांच्यासाठी तुकईथड आणि हिवरखेड या दोन्ही टोकांच्या स्टेशनांना गाडीच्या वेळेवर मिळणारी, सामानासह माणसे घेणारी बस हवी. पावसाळ्यात तुटणाऱ्या नाल्यांवर पूल हवेत, आणि रात्री जंगलाचे फाटक जिच्यासाठी उघडते अशी रुग्णवाहिका धारणीतच नव्हे, धूळघाटातही उभी हवी. हा खर्च आदिवासी विकास विभागाच्या वेगळ्या फायलीत ढकलला तर ती फाईल कुठे राहील ते मेळघाटाला पुरेपूर माहीत आहे. तो नव्या लोहमार्गाच्याच अंदाजपत्रकात, खडी, स्लीपर आणि रुळांच्या शेजारी, पहिल्या दिवसापासून धरलेला असला पाहिजे.